भोवळ खरी, मग भ्रम कुणाचा?

पहाटेचे साडेपाच. बाई मोरीत वाकून तोंड धुताहेत. पाण्याचा हबका मारायला डोळे मिटतात आणि त्याच क्षणी पायाखालची फरशी एका अंगानं उचलली जाते. हात नळाकडे जातो, तांब्या घरंगळतो. डोळे उघडले तर भिंतीवरचा आरसा डावीकडे सरकतोय, जागेवर येतोय, पुन्हा सरकतोय. "अहो, घर फिरतंय!" नवरा धावत येतो, खांद्याला धरतो आणि घरोघरी म्हटलं जातं तेच म्हणतो, "कुठं फिरतंय? भास होतोय तुला. काल चतुर्थीचा उपास, वर जागरण. पित्त झालं असेल."

ही बाई कुणी एक नव्हे. कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर ती रोज बसलेली असते. कधी ती शाळेत शिकवत असते, कधी बँकेच्या काउंटरवर बसत असते, कधी तिच्या जागी पस्तिशीतला रिक्षावाला असतो. हातात जाडजूड फाइल. मानेचा एक्स-रे काढून झालेला, गळ्यात पट्टा बांधून झालेला, रक्त तपासून झालेलं, मेंदूचा एमआरआय 'नॉर्मल' आलेला. तरी घर फिरायचं थांबत नाही.

नवरा-बायकोच्या त्या दोन वाक्यांत तत्त्वज्ञानातला एक जुना तंटा दडलेला आहे. घर फिरत नाही, हे नवऱ्याचं म्हणणं बिनचूक. बाईंना ते फिरताना दिसतंय, हेही तितकंच खरं. आणि खरी मेख पुढेच आहे: घर फिरत नाही हे बाईंनाही पक्कं ठाऊक आहे. त्यांचा त्या फिरण्यावर काडीचाही विश्वास नाही. ज्यावर आपला विश्वासच नाही ते डोळ्यांसमोर घडतच राहतं, याला म्हणायचं काय? खोटं, भ्रम, की आजार?

भाषेनं इथं आधीच घोळ घालून ठेवला आहे. संस्कृतातला 'भ्रम्' हा धातू मुळात गोल फिरण्याचा, भटकण्याचा. त्यातूनच भ्रमण आलं, भ्रमर आला, मराठीतला भोवरा आणि भोवळ आली. आणि त्याच धातूतून 'भ्रम' आला, म्हणजे चूक, गैरसमज, नसलेलं दिसणं. आयुर्वेदात भ्रम हे रोगाचं नाव आहे. माधवनिदानात तो मूर्च्छा, तंद्रा, निद्रा यांच्या पंगतीला बसतो आणि त्याची कारणं सांगताना पित्त आणि वात या शरीराच्या दोषांबरोबर रज हा मनाचा गुणही येतो. वेदान्ताच्या ग्रंथांत मात्र भ्रम म्हणजे दोरीवर दिसलेला साप. एका शब्दानं वैद्य गरगरणाऱ्या डोक्याविषयी बोलत होते आणि तत्त्वज्ञ चुकलेल्या ज्ञानाविषयी. घरातली माणसं बोलताना हे दोन्ही अर्थ एकात मिसळून टाकतात आणि गरगरणाऱ्याला चुकलेला ठरवून मोकळी होतात.

हा घोळ आपल्याकडचाच आहे असं नाही. प्लेटोच्या 'थिएटीटस' संवादात कोवळ्या वयाचा थिएटीटस एका कोड्यापाशी अडतो आणि कबूल करतो की या गोष्टींकडे बघताना कधीकधी आपलं डोकं गरगरतं. तत्त्वज्ञानाचा उगम विस्मयात आहे, हे सॉक्रेटिसचं जगभर सांगितलं जाणारं मत त्या कबुलीला दिलेलं उत्तर आहे. म्हणजे या थोर विचाराचं निमित्त एका पोराची चक्कर. 'क्रॅटिलस' या दुसऱ्या संवादात मात्र सॉक्रेटिस चिमटा काढतो. काही शहाणी माणसं सत्य शोधत इतक्या गिरक्या घेतात की त्यांनाच भोवळ येते, आणि मग ती सांगू लागतात की जगातली प्रत्येक वस्तूच फिरते आहे. आपल्या डोक्यातली चक्कर जगाच्या माथी मारायची, हा त्या शहाण्यांवरचा आरोप. मोरीतल्या बाईंवर तो लागू होत नाही. त्या जगाच्या माथी काही मारत नाहीत. घर फिरतंय म्हणताना आपलंच काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळतं, म्हणून तर त्या हाक मारतात.

बिनसलेलं आहे ते काय, हे वैद्यकाला कळायला बराच काळ जावा लागला. कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाला लागून, दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात बसवलेल्या. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव जडत्वानं मागं राहतो आणि आतल्या सूक्ष्म केसांना वाकवतो. शेजारच्या दोन पिशव्यांत खड्यांसारखे बारीक स्फटिक असतात. ते गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि सरळ रेषेतली चाल सांगतात. मूठभरही नसलेल्या या यंत्रणेवर माणसाचं उभं राहणं अवलंबून असतं.

व्हिएन्नाच्या कानाच्या दवाखान्यात रॉबर्ट बारानी नावाचा तरुण डॉक्टर रुग्णांचे कान पाण्याच्या पिचकारीनं धूत असे. बरेच जण चक्कर आल्याची तक्रार करत. एकानं सांगितलं, पाणी गार असलं की चक्कर येते. बारानीनं पाणी गरम करायला लावलं, तर त्याच रुग्णाला पुन्हा चक्कर आली, आणि या खेपेला त्याची बुबुळं उलट्या दिशेनं झटके देत होती. शरीराइतक्याच कोमट पाण्यानं काहीच होत नव्हतं. गार किंवा गरम पाण्यानं नळीतला द्रव हलतो आणि खुर्चीत स्थिर बसलेल्या माणसाला आपण फिरतोय असं वाटतं, हे त्यानं ताडलं. या कामासाठी १९१४ सालचं नोबेल पारितोषिक जाहीर झालं, तेव्हा बारानी पहिल्या महायुद्धात पकडला जाऊन रशियाच्या कैदेत होता. स्वीडनच्या मध्यस्थीनं सुटून १९१६ मध्ये तो स्टॉकहोमला पोचला.

पिचकारीभर पाण्यानं सगळं जग फिरवता येतं, ही गोष्ट कोणत्याही तत्त्वज्ञाची झोप उडवायला पुरेशी आहे.

बाईंच्या कानात कुणी पाणी घातलेलं नाही. त्यांचे कान बहुधा ठणठणीत आहेत. त्यांचा आजार अर्धशिशीच्या कुळातला आहे, ज्याला डॉक्टर आज व्हेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात. ग्रीकांनी या दुखण्याला 'अर्ध कवटी' अशा अर्थाचं नाव दिलं, त्याचाच घासून घासून मायग्रेन झाला. अर्धावभेदक आणि अर्धशिशी हे आपले शब्दही तेच सांगतात. पण अर्धशिशी म्हणजे निव्वळ डोकेदुखी नव्हे. तो मेंदूच्या संवेदनांचा आजार आहे. उजेड टोचतो, कुकरची शिटी डोक्यात घुसते, फोडणीचा वास सहन होत नाही. ज्या जाळ्यातून डोकेदुखीच्या संवेदना मेंदूत जातात, त्याचे धागे तोल सांभाळणाऱ्या केंद्रांशी जोडलेले आहेत. त्यामुळे काहींच्या बाबतीत डोकं दुखण्याऐवजी, किंवा दुखण्यासोबत, जग गरगरू लागतं. अनेक बायकांची तरुणपणीची डोकेदुखी पाळी जाण्याच्या सुमारास ओसरते आणि तिच्या जागी चक्कर येऊन बसते. 'डोकं तर दुखत नाही, मग अर्धशिशी कशी?' हा प्रश्न तिथूनच निघतो.

या आजाराच्या निदानाचे निकष बारानीच्याच नावानं चालणारी संस्था आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटना यांनी मिळून २०१२ मध्ये ठरवले. चकरेचे मध्यम किंवा तीव्र असे किमान पाच झटके, प्रत्येक झटका पाच मिनिटं ते ७२ तास, आज किंवा पूर्वी अर्धशिशीचा इतिहास, आणि निम्म्या तरी झटक्यांत डोकेदुखी, उजेड-आवाजाचा त्रास किंवा डोळ्यांपुढे नागमोडी चमक यांपैकी काहीतरी. हा आजार पकडणारी रक्ताची चाचणी नाही, चित्रात तो दिसत नाही. निदान उभं राहतं ते रुग्णाच्या सांगण्यावर. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण तत्त्वज्ञानाचा प्रश्न इथं व्यवहारात उतरतो. यंत्राला न दिसणाऱ्या अनुभवाचा पुरावा म्हणजे अनुभवणाऱ्याचा शब्द. तो शब्द किती मानायचा?

नवऱ्याच्या 'कुठं फिरतंय?' या प्रश्नाला मात्र एक अगदी शब्दशः उत्तर आहे. त्यानं झटक्याच्या वेळी बायकोच्या डोळ्यांत नीट पाहिलं, तर पुष्कळदा त्याला बुबुळं हलताना दिसतील: एका बाजूला संथ सरकायची, मग झटक्यानं मागं यायची, पुन्हा सरकायची. डोकं हललं तरी दृश्य स्थिर राहावं म्हणून तोलाची केंद्रं डोळ्यांना सतत हुकूम देत असतात. झटक्यात हे हुकूम कारण नसताना सुटतात. बुबुळं सरकतात आणि डोळ्याच्या पडद्यावर भिंतीचं चित्र खरोखरच सरकतं. म्हणजे आरसा हलल्याचं दिसतं ते उगीच नाही. काहीतरी हलतंच आहे. फक्त ते भिंतीवर नसून खोबणीत आहे.

मग चूक नेमकी कुठं होते? भारतीय तत्त्वज्ञांनी या प्रश्नावर शतकानुशतकं डोकं चालवलं आणि त्याला ख्यातिवाद असं नाव दिलं. नैयायिक म्हणतात, भ्रमात दिसणारी गोष्ट खरीच असते, पण दुसरीकडची. ती चुकीच्या जागी चिकटवली जाते. त्यांच्या हिशेबानं, जत्रेच्या पाळण्यात भोगलेलं फिरणं आज भिंतीला चिकटलं. प्रभाकराचे अनुयायी मीमांसक म्हणतात, खोटं ज्ञान असं काही नसतंच. दोन वेगवेगळी ज्ञानं असतात आणि त्यांतला फरक लक्षात येत नाही, इतकंच. हे ऐकून आजचा मेंदूतज्ज्ञ कान टवकारेल. भिंत दिसते हे एक ज्ञान, फिरण्याची संवेदना हे दुसरं. पहिलं डोळ्याचं, दुसरं तोलाच्या केंद्राचं. दोन्ही एकमेकांत मिसळली. चकरेचं यापेक्षा नेटकं वर्णन सापडणं अवघड. पण बाईंपुढे प्रभाकराचाही युक्तिवाद अडखळतो. कारण बाईंना तो फरक कळलेला आहे. भिंतीला हात लावून त्या सांगतात की ती जागेवर आहे. फरक कळला, तरी फिरणं सुरूच.

अद्वैत्यांचा आवडता दाखला दोरीचा आणि सापाचा. अंधारात साप दिसतो, दिवा आणला की दोरी दिसते आणि साप उरत नाही. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या कर्मात अकर्म पाहण्याच्या श्लोकावर लिहिताना शंकराचार्य नावेचा दाखला घेतात: नाव चालते, पण काठावरची झाडं उलट्या दिशेनं जाताना दिसतात. ज्ञानेश्वरांनी त्याच जागी तीच नाव मराठीत आणली आणि नीट पाहू लागलं की झाडं जागीच आहेत हे कळतं, असं समजावलं. त्याआधी ४९९ साली आर्यभटानं याच नावेतून आकाश दाखवलं होतं: तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते आहे. एकाच नावेतून तिघं गेले. आचार्य आणि ज्ञानेश्वर कर्माच्या शोधात, आर्यभट ताऱ्यांच्या.

दोरीचा साप आणि मोरीतला आरसा यांत मोठा भेद आहे. साप कळला की जातो. आरसा कळला तरी सरकतो. शंकराचार्यांना या दुसऱ्या जातीच्या भ्रमाचीही गरज पडली. ब्रह्मसूत्रभाष्याच्या चौथ्या अध्यायात अडचण अशी येते की आत्मज्ञान झाल्यावर अज्ञान संपलं, तर ज्ञानी माणसाचं शरीर आणि संसार लगेच का संपत नाही? तिथं ते दोन दाखले देतात. एक कुंभाराच्या चाकाचा: मागून दिलेली गती संपेपर्यंत ते फिरत राहतं. दुसरा दोन चंद्रांचा: डोळ्याच्या विकारामुळे ज्याला दोन चंद्र दिसतात, त्याला चंद्र एकच आहे हे कळूनही काही काळ दोन दिसत राहतात. ज्ञानानं त्या दुसऱ्या चंद्राचा खरेपणा जातो, दिसणं जात नाही. सांख्यकारिकेतही देह का टिकतो हे सांगताना हेच फिरतं चाक येतं, आणि तिथं फिरण्यासाठी शब्द वापरला आहे 'भ्रमि'.

पुढच्या वेदान्त्यांनी या दोन जातींना नावंही दिली. निरुपाधिक भ्रम ज्ञानानं मावळतो. सोपाधिक भ्रम उपाधी असेपर्यंत, म्हणजे तो निर्माण करणारी वस्तू शेजारी असेपर्यंत, जाणत्यालाही दिसतच राहतो. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक लाल नाही हे ठाऊक असूनही लालच दिसतो, तसा. व्हेस्टिब्युलर मायग्रेनची चक्कर या दुसऱ्या खात्यात पडते. म्हणून रुग्णाला 'भास आहे, लक्ष देऊ नकोस' असं सांगणं म्हणजे स्फटिकाला 'लाल दिसू नकोस' म्हणून दटावण्यासारखं. वैद्यकाच्या दृष्टीनं ते निरुपयोगी आहे आणि आश्चर्य म्हणजे वेदान्ताच्या दृष्टीनंही ते चूक आहे.

ज्यांना भोवळ येत नाही त्यांचं जग तरी कितपत खरं? पुण्यात खुर्चीवर निवांत बसलेला माणूस पृथ्वीच्या फिरण्याबरोबर ताशी सुमारे १५८० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चाललेला असतो. सूर्याभोवतीची चाल वेगळी, सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. त्याला यातलं काही जाणवत नाही. कानातल्या नळ्यांना गती कळत नाही, गतीतला बदल कळतो. एकसारखं फिरत राहिलं की द्रवही नळीबरोबर फिरू लागतो, केस सरळ होतात आणि नळी 'सगळं शांत आहे' असा निरोप देते. पृथ्वीचं तासाला १५ अंश हे संथ फिरणं तर तिच्या गावीही नसतं.

प्रागमध्ये अर्न्स्ट माख या पदार्थवैज्ञानिकाला हा विचार आगगाडीत सुचला. वळणावर डब्यातल्या माणसाला बाहेरची झाडं आणि घरं कलती दिसतात. का? त्यानं माणसांना फिरवण्यासाठी एक खुर्ची बनवली, डोळ्यांवर पडदे घातले, प्रयोग केले आणि १८७५ मध्ये गतीच्या संवेदनेवर पुस्तक लिहिलं. याच माखनं पुढे न्यूटनच्या निरपेक्ष गतीवर कडक टीका केली, आणि तिचा प्रभाव तरुण आइन्स्टाइनवर पडला. फिरतं कोण आणि कशाच्या संदर्भात, हा प्रश्न त्यानं कानालाही विचारला आणि विश्वालाही.

आणखी एक गोष्ट निरोगी माणसांचा तोरा उतरवणारी आहे. बोस्टनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये व्हेस्टिब्युलर मायग्रेनच्या रुग्णांना अंधारात एका यंत्रावर बसवून अगदी हळू कलवलं आणि कोणत्या बाजूला कललो हे विचारलं. या रुग्णांना इतरांपेक्षा बारीक कल ओळखता आला. निरोगी माणसाला ज्याचा पत्ताही लागत नाही तो कल त्यांचा मेंदू टिपतो. त्यांची तोलाची जाण बोथट झालेली नसते, ती नको तेवढी तिखट झालेली असते. मॉलमधली फडताळांची रांग, मोबाइलवर बोटानं सरकवलेला मजकूर, घाटातली एसटी, सरकत्या जिन्याच्या पट्ट्या यांनी त्या मेंदूची दमछाक होते. मग तो तोल सांभाळण्यासाठी डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवतो. अशा माणसाला मऊ गादीवर डोळे मिटून उभं केलं, तर तो इतरांपेक्षा जास्त झुलतो. तोंड धुताना डोळे मिटले आणि तोल गेला, त्यात हेच घडलं.

धर्मानं भोवळ टाळायलाच सांगितलं आहे, असंही नाही. कोन्याचे मेव्हलेवी दरवेश पांढरे घोळदार झगे घालून गिरक्या घेतात, तीच त्यांची उपासना. वारीच्या वाटेवर बायका फुगडी घालतात, देवीच्या देवळात अंगात आलेली बाई घुमते, गोव्यात चवथीला फुगडीशिवाय गणपती जात नाही. रॉजे केय्वा या फ्रेंच लेखकानं १९५८ मध्ये माणसाच्या खेळांच्या चार जाती मांडल्या, त्यांतली एक फक्त भोवळीसाठी राखून ठेवली. फुगडी सोडून बाजूला झालेल्या मुलीला अंगण उलट्या दिशेनं फिरताना दिसतं, कारण नळी थांबली तरी द्रव पुढे जात राहतो. सांख्यांचं चाक प्रत्येकाच्या कानात असं फिरत असतं. सरावानं यावर मातही करता येते. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमध्ये २०१३ मध्ये बॅले नर्तिकांना खुर्चीत फिरवून पाहिलं, तेव्हा त्यांची चक्कर इतर खेळाडूंपेक्षा लवकर विरली. त्यांच्या मेंदूनं कानाचा निरोप दाबायला शिकून घेतलं होतं. फुगडी आणि आजार यांत फरक एकच. फुगडीत कधी थांबायचं हे आपल्या हातात असतं.

उपासाचं प्रकरण मात्र नाजूक. जेवण चुकणं, पाणी कमी पडणं, झोप मोडणं, रोजचा चहा अचानक बंद होणं, या सगळ्यांनी अर्धशिशी चाळवते. ज्यूंच्या योम किप्पूरच्या कडक उपासानंतर उठणाऱ्या डोकेदुखीवर १९९५ मध्ये अभ्यास छापून आला. रमजानच्या पहिल्या दिवसांतल्या डोकेदुखीची वैद्यकात नोंद आहे. आपल्याकडे निर्जळी उपासाच्या संध्याकाळी जे 'पित्त खवळतं', त्यात अर्धशिशीचा वाटा किती, हे घरातल्या बायकांना विचारून बघावं. रुग्णाला उपासातून सूट देण्याची परंपरा बहुतेक धर्मांत आहे. अडचण एवढीच की या आजाराला कुणी आजारच मानत नाही.

तो न मानण्यामागेही इतिहास आहे. कानातल्या नळ्या कशा चालतात हे १८७०च्या दशकात माखप्रमाणेच, पण स्वतंत्रपणे ज्यानं उलगडलं, त्या व्हिएन्नातल्या डॉक्टरचं नाव योझेफ ब्रॉयर. त्याच ब्रॉयरनं १८९५ मध्ये सिग्मंड फ्रॉइडबरोबर हिस्टेरियावरचं पुस्तक लिहिलं. चकरेचं शरीर दाखवणारा आणि मनाच्या आजारांचं दार उघडणारा माणूस एकच होता. पुढच्या काळात हे दुसरं दार इतकं सैल झालं की कारण न सापडलेली बायकांची प्रत्येक भोवळ त्यातून आत ढकलली गेली. अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीनं जास्त. म्हणून 'नाटकं' हा शब्दही त्यांच्याच वाट्याला जास्त आला. चक्कर आणि चिंता हातात हात घालून येतात, हे खरं. उद्या रस्ता ओलांडताना घर फिरेल की काय, ही धास्ती कुणालाही लागेल. म्हणून ती धास्ती चकरेचं कारण ठरत नाही.

पतंजलीनं योगाच्या वाटेवरचे नऊ अडथळे मोजले आहेत. पहिला व्याधी. सातवा भ्रांतिदर्शन, म्हणजे विपरीत ज्ञान. दोन्ही एकाच यादीत आहेत, पण वेगळे. मोरीतल्या बाई सातव्यात बसत नाहीत, कारण घर फिरतंय असा त्यांचा निष्कर्ष नाही. त्या पहिल्यात बसतात. 'मन खंबीर ठेव' हा सल्ला सातव्या अडथळ्याचा आहे आणि आपण तो पहिल्यावर वापरतो.

तत्त्वज्ञानाचा रोख उपयोग मात्र कुमारिल भट्टाच्या विचारात सापडतो. सातव्या शतकातला हा मीमांसक म्हणतो, ज्ञान आपोआप प्रमाण असतं. ते रद्द व्हायला दोन कारणं लागतात: एक तर त्याला खोडणारं दुसरं ज्ञान, नाहीतर ज्या साधनानं ते झालं त्यातला दोष कळणं. बाईंना पहिलं कारण भिंतीला हात लावताच मिळतं. दुसरं डॉक्टरकडे मिळतं. 'तुमच्या मेंदूच्या तोलाच्या केंद्रात अर्धशिशीचा झटका येतो, याला नाव आहे, यातून मेंदूत गाठ होत नाही' हे वाक्य म्हणजे साधनदोषाचं ज्ञान. त्यानं झटका थांबत नाही. पण त्या झटक्यातून मेंदू जी भयानक गोष्ट रचू पाहतो, तिचा पाया निघून जातो. अनेक रुग्णांचा निम्मा त्रास निदानाच्या दिवशीच हलका होतो, हे या क्षेत्रातले डॉक्टर सांगतात.

उरलेल्यावर इलाज आहेत. वेळेवर जेवण आणि झोप, झटके वारंवार येत असतील तर अर्धशिशी रोखणारी रोजची औषधं, आणि डोळे, मान, पाय यांचे तोलाचे व्यायाम. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या दोन-तीन दिवसांपुरत्या ठीक. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदू तोल सावरायला शिकतच नाही, आणि आपल्याकडे त्या औषधाच्या दुकानातून सर्रास तशाच घेतल्या जातात.

चकरेबरोबर बोलणं अडखळलं, एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, हात-पाय लुळा पडला, उभंच राहता येईना किंवा एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर तो अर्धशिशीचा मामला समजू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावं. एरवी घरातल्या माणसानं दिवा मंद करावा, मिक्सर आणि टीव्ही बंद करावा, भिंतीला पाठ टेकून बसवावं आणि 'कुठं फिरतंय?' ऐवजी 'कधीपासून फिरतंय?' असं विचारावं. वेळ, आदल्या रात्रीची झोप, चुकलेलं जेवण, पाळीची तारीख, उजेडाचा त्रास झाला की नाही, एवढं एका वहीत टिपून ठेवावं. ज्या आजाराला यंत्रातली चाचणी नाही, त्याच्या निदानाला सगळ्यांत जास्त ती वहीच कामी येते.